लांबवलेला सूर

१२ जून १९५०
रेकॉर्डिंग संपलं. आमच्या सिनेमात सगळं उलटं असतं. आधी अख्खा ऑपेरा गाऊन घ्यायचा, मग त्या गाण्यावर चित्र बसवायचं. शेवटच्या अंकात राजपुत्र समुद्राच्या तळाशी उतरून काचेच्या राणीला हाक मारतो, तिथला वरचा सूर मी मनासारखा धरला. कागदावर होता त्याहून बराच जास्त वेळ. वादक थांबले. संगीत दिग्दर्शकांनी हातातली काठी खाली ठेवली आणि नंतर एवढंच विचारलं, की झालं का तुमचं? भारावून गेले होते. दिग्दर्शक वाल्डेकसाहेब म्हणाले, राहू दे, वाद्यवृंद परत मिळायचा नाही. म्हणजे तेही भारावलेच.
बायकोला, एनिडला, हॅलिफॅक्सला घरी पत्र टाकलं: राजपुत्र मीच. चॅपलमध्ये प्रार्थनेला येणाऱ्या सगळ्यांना सांग, हारग्रीव्हज खाटकाला आधी. गेल्या नाताळात माझं सोलो गाणं काढून त्याला दिलं होतं. आता बसू दे बघत.
राजपुत्राची विजार तंग असते. उद्यापासून पुडिंग बंद.

३ जुलै
कपड्यांच्या मापाला अजून बोलावलं नाही. मी बारीक व्हायची वाट बघत असावेत. कँटीनमध्ये जॅम घातलेलं पुडिंग होतं. रेशनच्या दिवसांत समोर आलेलं नाकारणं बरं दिसत नाही.

१० जुलै
सेटवर राजपुत्राच्या वेषात लायनेल फेन नावाचा एक नर्तक उभा. पंचविशीचा, काडीसारखा. माझ्या आवाजावर तो नुसते ओठ हलवणार. वाल्डेकसाहेबांनी समजावलं, की या सिनेमात गाणारे गातात आणि नाचणारे दिसतात. मला लगेच उमगलं. नाचापुरता तो, क्लोजअपला मी. विचारलं नाही. कलावंतानं असं विचारायचं नसतं.

२४ जुलै
समुद्राचा तळ तयार झाला. पाण्याचा थेंब नाही. जाळीदार कापडाच्या लाटा, जमिनीवर चकचकीत कागद, जांभळी झाडं, त्यांना बुंधेच नाहीत. मी बुंध्यांबद्दल सुचवून पाहिलं. कुणी लिहून घेतलं नाही.
आज माझा सूर होता. लायनेलला तारेवर टांगलं आणि तोंड उघडून धरायला सांगितलं. पहिल्यांदा त्याचा जबडा मध्येच मिटला. दुसऱ्यांदा त्याला ठसका लागला. तिसऱ्यांदा तोंडात माशी गेली. खाली उतरल्यावर मला म्हणाला, बाबा रे, तुला श्वास लागत नाही का? नर्तक असूनही त्याला गाण्यातलं कळतं.
सूर कापता येत नाही. कापला की मागची वाद्यं धडपडतात. दिव्यांवरचा आल्फ म्हणाला, मास्तर, आमची जेवणाची सुट्टी तुमच्या सुरात अडकलीय. सगळा स्टुडिओच माझ्या सुरात अडकलाय, हे खरं. एवढं यश मलाही अपेक्षित नव्हतं.

३१ जुलै
तोडगा निघाला. सूर लागला की एक प्रचंड मासा येणार, सूर संपेपर्यंत आ वासणार आणि सूर संपताच राजपुत्राला गिळून तोंड मिटणार. जबडा आतून हलवायचा. दोन हमालांनी करून पाहिलं. दोघांनीही तोंड लवकर मिटलं, लायनेलचा पाय आत आणि बाकीचा बाहेर. सूर नेमका कधी संपतो हे ओळखणारा माणूस हवा, असं म्हणत वाल्डेकसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, साहेब, मी कलावंत आहे. ते म्हणाले, म्हणूनच.
अडचणीत मदत करतोय, इतकंच. तात्पुरतं.

२ ऑगस्ट
मासा बाहेरून नाड्यांनी बांधतात. आतून सोडता येत नाही. दिव्यांची धग आत येते आणि आतच राहते. चहाची सुट्टी झाली, सगळे गेले. आल्फला वाटलं नाड्या दुसऱ्यानं सोडल्या, दुसऱ्याला वाटलं आल्फनं. फक्त ध्वनीच्या खोलीत कुणीतरी यंत्र तपासायला माझाच सूर पुन्हा पुन्हा लावत होतं. मी आतून ओरडलो, पण तेवढ्यात सूर लागायचा आणि माझ्या आवाजापुढे माझा आवाज ऐकू यायचा नाही.
आतून ऐकला तर सूर जरा लांबच आहे.

१९ ऑगस्ट
एनिडचं पत्र. सिनेमा जवळच्या लीड्सला लागला की चॅपलची सगळी मंडळी बस करून येणार. हारग्रीव्हजनं पुढची सीट आत्ताच अडवली. मी उलट कळवलं, की सिनेमा फार कलात्मक आहे, उत्तरेकडे लागेलसं वाटत नाही.

२६ ऑगस्ट
एनिडचं उत्तर: मग आम्ही लंडनला येतो.
आता खरं सांगावं का? पण क्लोजअप अजून व्हायचेत. आधीच कशाला सांगा.

१५ सप्टेंबर
शूटिंग संपलं. सेट मोडायला घेतला. क्लोजअपबद्दल कुणी बोललं नाही. माझा पत्ता आहे त्यांच्याकडे. बोलावतील.

२८ एप्रिल १९५१
लीड्स. सिनेमा उत्तरेकडेही लागलाच. बस भरून माणसं. माझ्या एका बाजूला एनिड, दुसऱ्या बाजूला हारग्रीव्हज. लायनेलनं तोंड उघडलं आणि त्यातून मी बाहेर पडलो. हारग्रीव्हज कुजबुजला, काय आवाज आहे हो पोराचा, आणि तुम्ही कधी येता? मी म्हणालो, थांबा जरा. मला रडू येत होतं.
मग सूर आला. मासा आला. त्यानं आ वासला तो वासलाच. पोरं आधी हसली, मग टाळ्या वाजवायला लागली. मोठेही वाजवायला लागले. सबंध सिनेमात तेवढीच टाळी.
परतताना बसमध्ये हारग्रीव्हजनं सगळ्यांसमोर विचारलं, की क्लॅरेन्स, तुम्ही होतात कुठे? मी तोंड उघडलं. एनिड म्हणाली, माशात. आवाजही त्याचाच, पण मी ओळखला तो तोंड मिटेना तेव्हा. वीस वर्षं जेवणाच्या टेबलावर तेच समोर बघतेय.
कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं. घरापर्यंत तिनं माझा हात धरून ठेवला होता.

६ मे
चॅपलच्या बैठकीत नाताळच्या नाटकाची निवड झाली. बायबलातल्या योनाला महामासा गिळतो, ते नाटक. योना हारग्रीव्हज, त्याला दोन गाणी. मासा मी, एकमतानं. एकमतानं मला त्यांनी याआधी कशालाच निवडलं नव्हतं. माशाला गाणं नाही, पण भूमिका मध्यवर्ती म्हणावी लागेल.
माशाची खोळ जुनी आहे, माळ्यावरची. एनिडनं माझ्या अंगाला लावून पाहिली. उद्यापासून पुडिंग बंद, म्हणाली.