सक्तीची सुट्टी

२ जून, मंगळवार

झालं! नव्या मॅडमनी सणांचा तक्ता लावला. बॉयलरखान्याच्या दारावरच, चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून. कुणाच्या धर्माचा कुठला दिवस, त्या दिवशी सुट्टीवर कोण, त्याच्या जागी कामावर कोण – सगळं आखलेलं. आणि खाली लाल शाईत: दुसऱ्याच्या सणाला वर्षातून दोनदाच काम करायचं. तिसऱ्यांदा नाही. वर्ष एप्रिलपासून मोजायचं, म्हणजे माझे दोन्ही मे महिन्यातच संपले. आता वर्ष संपेपर्यंत प्रत्येक सणाला माझ्या नावापुढे एकच शब्द – सुट्टी.

लंबू म्हणाला, काका, चंगळ आहे तुमची. मॅडम म्हणाल्या, इतकी वर्षं सगळ्यांनी तुम्हाला गृहीत धरलं, तुमच्यावर अन्याय झाला. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. बोलायचं तेव्हा जीभ टाळ्याला चिकटते माझी.

३ जून, बुधवार

झोप नाही. सुट्टी नको म्हणणाऱ्या माणसाचं ऐकणार कोण?

६ जून, शनिवार

लिहून तरी मोकळं व्हावं.

ती गेली त्याला दोन वर्षं होतील. लग्न केलं तेव्हा तिच्या माहेरचे म्हणाले, तू आम्हाला मेलीस. माझ्या थोरल्या भावाने तेवढेही शब्द खर्च केले नाहीत. तिचा देव वेगळा, माझा वेगळा. पहिल्या वर्षी तिचा सण आला आणि मला कळेना, हसू की गप्प बसू. माझा आला तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन रडली. मग दोघांनी ठरवलं – घरात सणच नको. ना तुझा, ना माझा.

ती हॉस्पिटलच्या धुलाईत, मी त्याच धुलाईला वाफ पुरवणाऱ्या बॉयलरवर. सण कुणाचाही असो, आम्ही दोघं ड्यूटी मागून घ्यायचो. चादरी थोड्याच थांबतात? सगळा विभाग रिकामा. दुपारी ती डबा घेऊन इकडे यायची. दोन बादल्या पालथ्या घालायच्या आणि बॉयलरपुढे बसून जेवायचं. ऐकणारं कुणी नाही, तर ती गाणी म्हणायची – भसाड्या आवाजात! लोक म्हणायचे, बिचारे, सणासुदीला राबतात. आम्ही हसायचो. वर्षाला पंधरा-सोळा सण व्हायचे आमचे. इतके कुणाला मिळतात?

ती गेल्यावरही मी सणाला तिथेच बसतो. जेवतो, तिच्याशी बोलतो. इतर दिवशी जमत नाही, माणसं असतात. आणि घरी ती नाहीच. घरी आम्ही नुसते झोपायला यायचो.

हे मॅडमना कसं सांगू?

११ जून, गुरुवार

अठरा तारखेला लंबूचा मोठा सण. तक्त्यात त्याच्या जागी गुरुजी. गुरुजी आमच्यात सगळ्यात जुने, पापभीरू, उभ्या जन्मात खोटं बोललेले नाहीत, म्हणून तर हे नाव पडलं. त्यांना गाठलं. म्हटलं, तुम्ही घरी राहा, मी येतो. लॉगबुकात दर तासाला प्रेशर आणि पाण्याची पातळी लिहून सही करावी लागते, ती तुमच्या नावाने करीन. कुणाला कळणार नाही.

गुरुजी म्हणाले, सुट्टीसाठी एकच आजी तीनदा मारणारे पाहिलेत मी. कामावर येण्यासाठी लबाडी करणारा पहिलाच!

मी त्यांचे पाय धरले. खरोखर वाकून धरले. छप्पन्न वर्षांचा बाप्या! ते इतके ओशाळले की हो म्हणून गेले.

१८ जून, गुरुवार

सकाळी सातला हजर. पाण्याच्या पातळीची काच पुसली, पंप पाहिला, सही केली. गुरुजींची सही सोपी आहे. महिनाभर बोललो नव्हतो तिच्याशी – किती साचलं होतं! लंबूच्या मुलीला दात आले ते सांगितलं, तक्त्याचं सांगितलं.

एकच्या सुमाराला वळून पाहतो, तर दारात मॅडम. हातात मिठाईचा पुडा. सणाच्या दिवशी जो कामावर असेल त्याला स्वतः जाऊन भेटायचं, ही त्यांची पद्धत. मला काय ठाऊक? आधीच्या साहेबांनी कधी बॉयलरखान्याचं दार पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग लॉगबुक उघडलं. सहा सह्या. सगळ्या गुरुजींच्या.

पुडा टेबलावर ठेवून निघून गेल्या. मी बोलत होतो ते किती ऐकलं, कळायला मार्ग नाही.

१९ जून, शुक्रवार

नोटीस गुरुजींना! मला बोलावणंसुद्धा नाही. ड्यूटी त्यांची, नाव त्यांचं, आणि ते बॉयलर सोडून घरी. बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट जाऊ शकतं. निवृत्तीला सात महिने राहिलेत त्यांच्या. पाळी बदलताना मला म्हणाले, पंप जरा आवाज करतोय, लक्ष ठेवा. एवढंच. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी नालायक आहे.

२१ जून, रविवार

खुलासा लिहायला बसलोय. हा चौथा कागद. 'घरगुती अडचणीमुळे' – खोडलं. 'गुरुजींची प्रकृती बरी नसल्याने' – म्हणजे त्यांच्या गळ्यात आणखी एक खोटं. फाडलं.

खरं सांगावं तर मला वेड्यात काढतील. गेलेल्या बायकोशी बोलणाऱ्याच्या हाती बॉयलर कोण देईल? मग सणच काय, एकही दिवस तिथे जायला मिळायचं नाही. खरं न सांगावं तर गुरुजींचा बळी. इकडे आड, तिकडे विहीर. तिला विचारावं, तर विचारायची जागाच गेली. काय करू? काय करू मी?

२२ जून, सोमवार

सांगितलं. कागद घरीच राहिला, तोंडानेच सांगितलं. सह्या मी केल्या, गुरुजींना मी भरीस घातलं, त्यांचा दोष एवढाच की त्यांना माझी दया आली.

मॅडमनी विचारलं, "पण का? सुट्टीत एवढं वाईट काय असतं?"

"घरी माझी बायको नसते," मी म्हणालो. "सणाला इथे असते."

मग लग्नापासून सगळं सांगितलं. बादल्यांचंही. रडलो. त्या खाली बघून पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, गुरुजींना लेखी ताकीद, सर्टिफिकेटला धक्का नाही. मला पंधरा दिवस निलंबन. परत बॉयलरवर घ्यायचं की दुसरीकडे टाकायचं, ते त्यानंतर ठरेल. आवाज अगदी कोरडा.

गुरुजी वाचले. मी पंधरा दिवस घरात!

२३ जून, मंगळवार

चार भिंती. भांडी घासली. तीच पुन्हा घासली.

२५ जून, गुरुवार

तासातासाला आपोआप उठतो. प्रेशर बघायला! मग उभाच राहतो.

इथे तिला हाक मारून पाहिली. दोनदा. शेजारचा कुत्रा भुंकला, बाकी काही नाही. फोटो आहे, पण त्यात ती लाजल्यासारखी बसली आहे. तशी ती कधीच नव्हती. आवाज आठवत नाही तिचा. गाणं आठवतं, आवाज नाही.

२८ जून, रविवार

कालपासून गॅस पेटवलेला नाही. लंबूचा फोन वाजत होता, घेतला नाही. काय सांगू त्याला? माझ्यासारख्याला बॉयलरवर परत घेणार नाहीत, हे मी आता धरूनच चाललोय. मग उरलं काय? उठायचं कशाला?

१ जुलै, बुधवार

मॅडमचा फोन. वाटलं, नोकरी गेली.

म्हणाल्या, उद्या माझा सण आहे. तक्त्यात सगळ्यांचे दिवस होते, त्यांचा कुठेच नव्हता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही माझ्या! नोकरी लागल्यापासून कधी सुट्टी घेतली नाही, यंदा घेतेय म्हणाल्या. मी लगेच विचारलं, मग मी येऊ का ड्यूटीला?

"तुमचं निलंबन आहे. कामावर पाऊल ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "घरी या आमच्या. मी आणि आई, दोघीच असतो. तिसरं माणूस कधी येत नाही."

हो म्हणून बसलो. तेव्हापासून कपाट उघडं आहे. अठ्ठावीस वर्षं सगळ्यांचे सण सांभाळले, पण सणाच्या घरी काय घालून जातात ते मला माहीत नाही.