सगळ्यांना झेपेल अशी विहीर

आई, मी आता नगरच्या कॉलेजात फझी लॉजिक शिकवते. नाव ऐकून तू हसली असतीस. त्यात असं असतं, की 'हो' आणि 'नाही' यांच्या मधे माणसं जे जे बोलतात, 'बरं', 'चालेल', 'जरा लांब', ते सगळं हिशोबात धरायचं आणि त्यातून सगळ्यांचा मिळून एक निर्णय काढायचा. पुस्तकांतून मी हे फार उशिरा शिकले. पहिल्यांदा पाहिलं ते तुझ्याकडे, दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात.

गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या. पाथर्डीकडून पाण्याचा टँकर येणार होता, पण तो एकाच विहिरीत रिकामा होणार होता. कुठल्या, ते ठरवायला चावडीपुढे लिंबाखाली सभा भरली. तू पंचायतीतली एकटी बाई मेंबर. सह्या करण्यापलीकडे तुझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. सरपंचांनी हात वर करायला सांगितले. चौकातल्या विहिरीसाठी भराभर हात वर झाले, कारण बहुतेक घरं चौकालगतची, आपलंही त्यातलंच. डोंगराकडच्या वस्तीवरची चार माणसं मागे गप्प उभी होती. आणि तू पदर सावरत उठतेस. मला अजून दिसतं ते. "हात नका मोजू," तू म्हणतेस. "कोन्त्या हिरीवरनं पानी आनायला कसं पडंल, ते ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं सांगा. आन् बायांना इचारा, पानी त्याच आनत्यात."

मग तू एकेकीला विचारत गेलीस. चौकातली विहीर आपल्या आळीला 'लई जवळ' होती. वस्तीवरची एक तान्ह्या लेकराची आई म्हणाली, तिथवर यायला जमायचंच न्हाई. मग गाव आणि वस्ती यांच्या मधल्या माळावरच्या शाळेच्या विहिरीचं विचारलंस. तिचं कौतुक कुणीच केलं नाही. आपल्या आळीतल्या बायका 'लांब हाय' म्हणून नाक मुरडत होत्या. वस्तीवरचीही 'लांब हाय'च म्हणाली, पण "येऊ आमी" असं तिनं पुढे जोडलं. मी तेव्हा मॅट्रिकला होते. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, हंडा तुझ्याबी डोक्यावर हाय, तू सांग. मी म्हणाले, लांब पडंल, पन जमंल.

सरपंच माणूस चांगला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, मग बहुमताचं काय करायचं? तू म्हणालीस, "चौकात पानी आलं तर आपल्याला सोपं व्हईल, पन त्यांना मिळायचंच न्हाई. शाळंच्या हिरीला जमायचं न्हाई असं कुनीच म्हनलं न्हाई. तीच धरा." मग सरपंचांनी टँकरसाठी शाळेची विहीर ठरवली.

त्याची किंमत तू मोजलीस. शेजारच्या काकू उन्हाळाभर तुझ्याशी बोलल्या नाहीत. मेंबरच्याच घरानं लांबून पाणी आणायचं, म्हणून वडीलही धुसफुसत राहिले. भर उन्हात परतल्यावर तू उंबऱ्यावर बसून गुडघे दाबायचीस. मी कुरकुर केली तर म्हणायचीस, "मलाबी लांबच पडतंय गं." आपण काही मोठं केलंय असं तुझ्या वागण्यात कधी आलं नाही. वस्तीवरची ती बाई पाठीशी लेकरू बांधून रोज यायची आणि हंडा भरला की तुझ्याजवळ टेकायची. तुम्ही दोघी कशाकशावरून हसत बसायचा आणि मी ताटकळत उभी. दिवाळीच्या आधी काकूच विरजण मागायला आल्या. तू वाटी भरून दिलीस.

पुढे शिकताना एक रीत वाचनात आली. प्रत्येक पर्यायात जो सर्वांत नाराज आहे, त्याचा शब्द बघायचा आणि ज्या पर्यायात तो शब्द कमीत कमी वाईट, तो पर्याय निवडायचा. तेव्हा मी ग्रंथालयातून उठून बाहेर व्हरांड्यात आले. तुला सांगायचं होतं, पण तू त्याआधीच गेली होतीस. सगळ्यांच्या शब्दांना आकडे देऊन सरासरी काढली तर चौकच जिंकतो, तेही मी करून पाहिलंय. परवा वर्गात एका मुलीनं विचारलं, मॅडम, मग सरासरी चुकीची का? मी म्हटलं, चुकीची नाही, पण कुणाला गमवायची आपली तयारी नाही, ते आधी ठरवावं लागतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच आहे, तर एवढं सांगून टाकते. दरवर्षी मी हे उदाहरण वर्गात देते, पण 'एका गावात एक बाई होती' असं म्हणून. 'माझी आई' असं म्हणायला गेलं की आवाज बसतो आणि फळ्यावरची आकडेमोड अजून व्हायची असते.