परिच्छेद चौदा

शुक्रवार, ४ तारीख

आजपासून रोजनिशी. मोठ्या वकिलांच्या असतात.

नवा काळा कोट घेतला. दुकानदार म्हणाला, एक नंबर लहान घ्या, खांद्यात लोंबतोय. त्याला काय कळतंय! वकील वाढत जाणार. कोट आधीच वाढलेला बरा.

मॅडमनी, म्हणजे माझ्या सिनियरनी, पहिलं खरं काम दिलं. टेलर काकूची केस. काकू आमच्या शेजारची, माझ्या शाळेच्या चड्ड्या तिनेच शिवल्या. केस ऑफिसात मीच आणली. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिचं दुकान सात महिने बंद होतं. घरमालक म्हणतो, सहा महिन्यांच्या वर बंद, हक्क संपला. खालच्या कोर्टाने त्याचंच ऐकलं: महिनाअखेर दुकान खाली करा. आम्ही अपील केलंय. गुरुवारी स्थगितीची सुनावणी. नाही मिळाली तर काकू बावीस वर्षांच्या मशीनसकट रस्त्यावर.

असाच एक जुना निकाल मी शोधलाय. त्रेचाळीस पानं. मॅडम म्हणाल्या, चार चौकटींत मांडून आण. मुद्दा काय, नियम काय, कोर्टाने तो कसा लावला, निष्कर्ष काय. आणि वाचताना प्रत्येक परिच्छेदासमोर समासात पेन्सिलीने लिही, इथे कोण बोलतंय. बोलताना पेनचं टोपण टेबलावर टक् टक् वाजवत होत्या. माझ्या हाताला घाम आला. त्यांच्या केबिनमध्ये हवाच खेळत नाही.

शनिवार, ५. सकाळी ८

संकल्प: रोज अकरा पानं. चार दिवसांत फडशा.

संध्याकाळी ६

पानं: दोन. पण चौकटी झकास आखल्या. चार रंग.

समासाचं काम वगळलं. शाळकरी प्रकार. कोर्टाच्या निकालात कोर्टच बोलणार, शेजारीण थोडीच बोलणार आहे?

रविवार, ६

सापडलं! सहज पानं चाळत होतो आणि परिच्छेद चौदा समोर आला. लिहिलंय: भाडेकरू आजारी असल्याने दुकान उघडले नाही, तर ते बंद होते असे म्हणताच येणार नाही. अरे वा! काकूचीच कहाणी. वीस मिनिटांत चारी चौकटी भरल्या. निष्कर्षाखाली दोन रेघा मारल्या. उरलेली पानं? शितावरून भाताची परीक्षा.

सोमवार, ७

मॅडमना चौकटी दिल्या. त्यांनी विचारलं, निकाल सगळा वाचलास ना? मी म्हटलं, पान न् पान. तोंडाला कोरड पडली. पंखा फार जोरात होता.

काकूचा फोन. हॉस्पिटलचे कागद आणू का म्हणे. मी सांगितलं, कायदाच आपल्या बाजूने असताना कागदांचं ओझं कशाला? तिने विचारलं, बाळ्या, नक्की ना? कोर्टात बाळ्या म्हणायचं नाही, हे ठणकावून सांगितलं.

मंगळवार, ८

जिन्यात घरमालकाचा वकील भेटला. त्याला सगळे तोफ म्हणतात. म्हणाला, तुम्ही आधाराला घेतलाय तोच जुना निकाल मीही घेतोय, परिच्छेद एकतीस. आणि हसला.

का हसला? तोफा हसत नाहीत.

एकतीस वाचायला हवा. उद्या. आज डोकं जड आहे.

बुधवार, ९. दुपारी १

एकतीस वाचला. लिहिलंय: वरील युक्तिवाद आम्हांस मान्य नाही.

वरील म्हणजे कुठला? मागे मागे गेलो. परिच्छेद तेरा: भाडेकरूच्या विद्वान वकिलांनी पुढीलप्रमाणे म्हणणे मांडले. तेरापासून तीसपर्यंत तो वकीलच बोलतोय! एवढं बोलू कशाला दिलं त्याला? चौदा कोर्टाचा नाहीच. त्या वकिलाचा आहे. आणि तो हरलाय.

एकतीसच्या पुढे वाचवेना. अक्षरं नाचताहेत. हवेमुळे नाही. भीती वाटतेय.

२.३०

मॅडमना सांगायला उठलो. आतून टक् टक् ऐकू आलं. बसलो.

४.१०

पुन्हा उठलो. त्या फोनवर होत्या. त्यांचा फोन संपेपर्यंत पाणी पिऊन आलो. मग आणखी एकदा पाणी प्यालो.

५.३०

मॅडम घरी गेल्या. मला सांगायची संधीच दिली नाही.

काकूचं दुकान जाणार. माझ्यामुळे. वर कागदही नको म्हटलं मी. कुठून दुर्बुद्धी सुचली! संकल्प: उद्या सकाळी पहिलं काम, कबुली.

गुरुवार, १०. सकाळी ८

पोट बिघडलं. खरोखर. मॅडमना मेसेज केला की येऊ शकत नाही. काकूलाही केला. कबुली मेसेजवर देणं बरं दिसत नाही.

११.२०

तरी आलोय. व्हरांड्यात, खांबामागे. कोट दोन्हीकडून बाहेर येतोय. तोफ आत गेली. फाइलमधून पिवळी चिठ्ठी डोकावतेय. एकतीसच असणार. देवा, वाचव. मला नको, काकूला.

दुपारी २

स्थगिती मिळाली! अपिलाचा निकाल लागेपर्यंत दुकानाला हात लावायचा नाही.

काकूने बाहेर येऊन खांबामागून मला ओढून काढलं आणि सगळं सांगितलं. माझा मेसेज बघून ती सकाळीच कोर्टात येऊन मॅडमना म्हणाली होती, बाळ्याचं पोट बिघडलं म्हणजे तो काहीतरी लपवतोय. पाचवीत गणिताचा पेपर लपवला तेव्हा, सातवीत आमची काच फोडली तेव्हा, दोन्ही वेळा असंच. त्याने काय दिलंय ते जरा बघून घ्या. मॅडम तिथेच बाकावर बसल्या, पेन्सिल काढली आणि निकाल वाचला.

तोफेने एकतीस दणक्यात वाचला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, पुढची ओळही वाचा. ती अशी: कारण आजारपणाचा एकही कागद भाडेकरूने हजर केलेला नाही. तेवढ्यात काकूने कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. एक्स-रे, बिलं, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, प्लास्टर काढल्याची पावतीसुद्धा. मी नको म्हटलं होतं म्हणूनच आणलं म्हणे.

एका अर्थी निकाल मीच शोधला होता.

शुक्रवार, ११

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कोरी प्रत पुढे ठेवली, वर पेन्सिल. म्हणाल्या, काकू माझ्याकडे तुझ्या शब्दावर आल्या होत्या. बस्स, एवढंच. टोपणही वाजवलं नाही.

दिवसभरात बारा पानं. समासात: कोर्ट. कोर्ट. घरमालकाचा वकील. भाडेकरूचा वकील. भाडेकरूचा वकील. भाडेकरूचा वकील.

संध्याकाळी काकूच्या दुकानात गेलो. मशीन धडधडत होतं. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, आधी तो कोट काढ, बुजगावण्यासारखा दिसतोयस. खांदे आत घ्यावे लागतील, तीन बोटं तरी.

मी म्हटलं, दोन पुरेत.

तिने टेप लावली. साडेतीन निघाली.