वार्ड तीनची शुद्ध यादी

३ ऑक्टोबर, सकाळी
आजपासून रोज लिहीन. ग्रामपंचायतीची वार्ड तीनची बाईची सीट खाली झाली. पोटनिवडणूक लागते. मी उभी राहीन. चवथी शिकली, पण तोंड चालते. समोर रुखमा. तिचं तोंड चालत नाई. निवडून आलीच समजा.
फक्त मतदार यादी घाण आहे. पयले ते साफ करीन.

५ ऑक्टोबर
घरोघर फिरली. रुखमाचा सासरा वामनराव मरून सहा वर्सं झाली, यादीत ठणठणीत. नाव काढायचा फॉर्म भरला. तिची पोरगी लग्न होऊन सिंदेवाहीले गेली, तिचाही भरला. रुखमा म्हणे, भागीरथाबाई, तुमच्या सासूचंही लिहा ना, तेरवीचं जेवण आमीही जेवलो. म्हटलं, लिहीन सवडीनं. म्हातारी देवमाणूस होती. घाई काऊन?

६ ऑक्टोबर
लिहाले टाइम नाई.

८ ऑक्टोबर
अंगणवाडीची मंजुषा यादीचं सरकारी काम पाहते. कुलूप दिसलं का परत येतो म्हणते. एका घराले तीन चकरा! म्हटलं, कुलपाले काय विचारतं, मले विचार. म्हणे, काकू, कागद लागते. शिकलेल्या बायांचं असंच.

१२ ऑक्टोबर
मतं मोजली. माही एकशे बारा, रुखमाची एकशे बारा. एक पाहिजे. आमच्या निकेशचा बाप म्हणे, यात माही माय धरली का? त्याले बांधीत पाठवलं, धान पाहाले.

१३ ऑक्टोबर, पहाटे
सापडलं मत! दिव्यानी. माही तिसरी. दोन वर्साची असताना आलापल्लीच्या भावाले देली, त्याले लेकरू नव्हतं. आमच्याकडे देतात-घेतात, कागद करत नाई. आता अठराची झाली. उन्हाळ्यापासून इथीच राहते, तालुक्याच्या गावी, सावलीले, शिवणक्लासले जाते.

१५ ऑक्टोबर
भावाचा फोन. पत्रू फॉरेस्टात आहे, स्वतःले साहेब समजते. म्हणे, ताई, पोरगी माह्याच नावावर राहू दे. दोनच्या वर लेकरं असली तर निवडणुकीले उभं राहता येत नाई. म्हटलं, तू सागवान मोज. माह्या घरी दोन वाढले, निकेश अन् गोपाल. तिसरी मामाकडे वाढली, ते कोण मोजते?

१७ ऑक्टोबर
मंजुषाले पुरावा पाहिजे होता. जन्माचा दाखला काढला. आई भागीरथा, बाप लटारू, शिक्क्यासकट. लॅमिनेशन केलं. खोटं आपल्याकडे चालत नाई.

३ नोव्हेंबर
यादी लागली. दिव्यानीचं नाव आलं. फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, माही लेक, पयलं मतदान. सगळ्यात पयले रुखमानं अंगठा देला. हारली समजून गोड होऊन राह्यली.

२० नोव्हेंबर
उमेदवारीचा फॉर्म भरला. लेकरं किती? दोन. बाकी सगळं खरं.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळी
आज फॉर्म तपासणी होती. रुखमा एक शब्द बोलली नाई. ग्रुपवरचा फोटो, यादी अन् दाखल्याची नक्कल टेबलावर ठेवली. साहेब म्हणे, बाई, ही पोरगी तुमची का? नाई कशी म्हणू? म्हटलं, माही, पण मामाकडे वाढली. म्हणे, कुठीही वाढू द्या, जन्म तुमीच देला. फॉर्म बाद.
दिव्यानी दारातच उभी होती. सगळं ऐकलं. येताना म्हणे, आई, फॉर्मवर तू दोनच लिहिले? म्हटलं, जागा नव्हती. मंग ते गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. पोरीले राग लवकर येते. मामानं लाडावली.

२५ नोव्हेंबर
रुखमा बिनविरोध. मतदानच नाई.
दोनशे पंचवीस नावं. एक सासू सोडली तर सगळी जित्ती, सगळी गावातली. तालुक्यात अशी यादी दाखवा म्हणा.
दिव्यानीनं मतदानाले घालाले नवा ड्रेस शिवला होता. आज तोच घालून धान कापाले गेली. म्हटलं, खराब होईन. म्हणे, होऊ दे.