बाबांचं कॉर्नेट

बाबा,

हिरडीतून रक्त आलं की तिथं ब्रश लावायचा नाही, हा आपल्या घरचा कायदा. तो पाळता पाळता तुमचे पुढचे दात हलले, पडले आणि पुढच्या दातांवर ओठ दाबून फुंकायचं तुमचं बँडमधलं पितळी कॉर्नेट माळ्यावर गेलं.

माझ्याही हिरड्या सुजल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त येतं तिथंच घाण साचलीय. हाडाला लागायच्या आत काढू." त्यांनी हिरडीखालचा टणक थर खरवडला. आता मी तिथंच रोज हळू ब्रश फिरवते. रक्त थांबलं.

काल बँडमध्ये माळ्यावरून उतरवलेलं तुमचं कॉर्नेट मी वाजवलं. बँडमास्तर म्हणाले, "बापाचीच फुंक आहे." माझी मान ताठ झाली.

हे पत्र टपालात टाकत नाही; रविवारी येऊन आधी तुमच्या हातात देईन. मग तुमच्या दारात उभी राहून वाजवीन. कवळी घालून बसा; चुकले तर शिवी स्पष्ट ऐकू आली पाहिजे.

तुमची,
धाकटी