व्हिन्येट म्हणजे काय

प्रिय धाकट्या,

गेल्या महिन्यात सरहद्दीजवळच्या पेट्रोल पंपावरून तुझा फोन आला होता. मागे ट्रकांची घरघर, आणि तू ओरडून विचारत होतास, "ताई, तू पुस्तकवाली ना? मग या व्हिन्येटचा अर्थ सांग." समोरच्या काचेवर डकवायचा चौकोनी कागद, रस्त्याचा कर भरल्याची खूण, तुझ्या लेखी व्हिन्येट म्हणजे एवढंच. मी म्हटलं, सवडीनं लिहिते. सध्या सवड भरपूर आहे. ती कशी, ते पुढे सांगते.

शब्द फ्रेंच. मुळात अर्थ चिमुकली द्राक्षवेल. ग्रंथ हातानं उतरवून काढत त्या काळी समासात अशा वेली चढवायचे. पुढे छापखाने आले तरी वेली गेल्या नाहीत. प्रकरण संपलं की उरलेल्या कोऱ्या जागेत एखादी नाजूक वेलबुट्टी, नाहीतर बिनचौकटीचं, कडेला कागदात विरून जाणारं चित्र, ते व्हिन्येट. इतकी वर्षं पुस्तकांची पानं लावताना मी संधी मिळेल तिथे एक वेल घुसवली. आमचे संपादक म्हणायचे, "बाई, पुस्तक आहे की मांडव?" इंग्रजीत छोट्याशा शब्दचित्रालाही हेच म्हणतात. त्यात फार काही घडत नाही, कुणीतरी खिडकीत बसलेलं असतं आणि ऊन फरशीवरून सरकत असतं. फ्रेंचांकडे औषधाच्या खोक्यावरच्या किमतीच्या चिठ्ठीलाही हे नाव होतं. आणि जर्मनीशेजारची जर्मन बोलणारी मंडळी तुझ्यासारखीच ते गाडीच्या काचेवर लावतात. एक वेल, कुठून निघाली आणि कुठं कुठं चढली बघ.

खरं तर आपण हा शब्द लहानपणीच ऐकला होता. बाबा 'विनेट' म्हणायचे. आज तीन विनेट करायच्यात, असं म्हणून ते आपल्या फोटो स्टुडिओत जायचे आणि आपल्याला ते कुठल्यातरी बाईचं नाव वाटायचं. ही विनेट कोण, असं तू आईला विचारलंस, तेव्हा ती हातातलं काम टाकून खाली बसून हसली होती.

ती अंधारखोली आठवते? लाल दिवा, रसायनांचा आंबूस वास, भिंतीवर आपल्या भल्यामोठ्या सावल्या. बाबा पुठ्ठ्याला अंड्याच्या आकाराचं भोक पाडायचे, तो प्रकाशाच्या झोतात धरायचे आणि सावकाश गोल फिरवत राहायचे. "हात थांबला की कड उमटते," म्हणायचे. मग पाण्याखालच्या कोऱ्या कागदावर आधी डोळे यायचे, मग ओठ, केस, आणि खांद्यांपाशी माणूस पांढऱ्यात विरघळून जायचा. "बाकीची बाई कुठं गेली?" तू विचारायचास. "ती तिच्या घरी गेली," बाबा म्हणायचे. हल्ली ती खोली माझ्या स्वप्नात येते. सगळे चेहरे एकदम पाण्यावर तरंगतात, आणि बाबा त्यांच्यामधून हात न भिजवता चालत जातात.

पुढे पुढे बाबांचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायला लागला. टेबलाच्या कडेचा पेला हमखास पडायचा. बाबा धांदरट झाले म्हणून आपण हसायचो, तेही हसायचे. मग एक दिवस त्यांनी स्टुडिओ बंद केला. कंटाळा आला म्हणाले. कामात कधीही न कंटाळलेला माणूस असं म्हणतोय, याचं तेव्हा आईलासुद्धा काही वाटलं नाही.

आता माझी खबर. मध्यंतरी शेजारणीनं माझ्याशी अबोला धरला. जिन्यात ती बाजूला उभी राहून माझ्याकडे बघून हसली आणि मी ताठ मानेनं निघून गेले म्हणे. मला ती दिसलीच नव्हती. मग एकदा सायकलवाला अंगावर आला. अगदी हवेतून उगवल्यासारखा. तेव्हा मात्र मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथं एका पांढऱ्याशुभ्र मोठ्या वाडग्यासमोर हनुवटी टेकवून बसवतात. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी बराच वेळ शांत बसून होते. मला वाटलं, यंत्र बिघडलं असावं.

डॉक्टरीणबाईंसोबत शिकाऊ मुली होत्या. त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आता एक व्हिन्येट ऐका. पन्नाशी उलटलेली बाई. दुखणं काही नाही. समोरचं स्वच्छ दिसतं. वडील उतारवयात वस्तूंना धडकायचे." डॉक्टरकीत रुग्णाच्या चार ओळींच्या हकिगतीलाही व्हिन्येटच म्हणतात, हे मला तिथं कळलं. मला हसू फुटलं. बाईंनी कारण विचारलं. म्हटलं, माझा भाऊ ट्रक चालवतो, त्याला या शब्दाचा अर्थ हवाय. त्या हसल्या नाहीत. "भावाचं वय काय?" एवढंच त्यांनी विचारलं.

धाकट्या, मला काचबिंदू झालाय. म्हणून पानं लावायचं काम सध्या बंद, आणि सवड भरपूर. बाबांनाही तोच असणार. अंधार वगैरे काही नसतो रे, कडा नुसत्या नसतातच, आणि नाहीत हे कळतही नाही. गेलेलं परत येत नाही, पण थेंब घातले की उरलेलं टिकतं. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं, असं बाईंनी मला दोनदा बजावलं. गाडीचा परवाना जाईल या भीतीनं तू टाळशील, हे मला ठाऊक आहे. फोनवर सांगितलं असतं तर 'बघू' म्हणून तू गाडी सुरू केली असतीस. म्हणून हे एवढं लांबण लावलं. मीच येऊन तुला घेऊन गेले असते, पण अनोळखी स्टेशनावर एकटीनं उतरायला आता भीती वाटते. माझी पुढची तपासणी येत्या मंगळवारी आहे. तू ये, माझा हात धर आणि मला तिथं घेऊन चल. बाईंनी माझ्यानंतरची वेळ तुझ्यासाठी ठेवली आहे.

वाट बघणारी तुझीच,
ताई