मापांची वही आणि एक कोरं पान

मी, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, बाजारगल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानाची व त्यामागच्या दोन खोल्यांची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझे दीर याबद्दल शंका काढतील, म्हणून डॉक्टरांचा दाखला टाचणीने जोडला आहे.

१. दुकान व दोन्ही खोल्या माझ्या लेकीला. मागचं दार दमटपणाने फुगतं, त्याला रंधा मारून घ्यावा. तिच्या धाकट्या भावाची खाट तिथेच आहे. ती ठेवावी की काढावी, हे कलम सहा वाचून ठरवावं.

२. शिवणयंत्र परिचारिकाबाईंच्या नातीला, तिचे पाय पायट्याला पोचतील तेव्हा. ही पोर सात वर्षांपूर्वी ट्रकच्या हौद्यात जन्मली आणि तिची आई तिथेच गेली. आमच्या दवाखान्यात तेव्हा आपल्याच लष्कराने दारूगोळा भरला होता आणि दुसरा दवाखाना साठ किलोमीटरवर होता. शत्रू त्या दिवशी नदीपलीकडे आपल्या जागी बसून होता. त्याने काहीही केलं नाही.

३. पुलाच्या फाटकाशी दर मंगळवारी दहा वाजता आम्ही बायका जो कापडी फलक धरून उभ्या राहतो, तो परिचारिकाबाईंना. ‘दवाखान्यात दारूगोळा. सुरक्षित कोण?’ ही अक्षरं मी शिवली आहेत, धुतली तरी जाणार नाहीत. काठी नवी घालावी. जुनी एका शिपायाने माझ्या पाठीवर मोडली.

४. मापांच्या वहीविषयी. लष्कराचे गणवेश एकाच अंगाचे असल्यासारखे येत. भरती झालेला पोरगा ते घेऊन थेट माझ्याकडे यायचा. मी माप वहीत टिपायचे, गणवेश उसवून बेताचा करून द्यायचे. ते केलं हे चूक की बरोबर, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यातले एक्केचाळीस परतले नाहीत. घरी नुसती पत्रं आली.

नदीपलीकडे एक धुणेवाली आहे. एकोणीस वर्षांपूर्वीच्या माघारीत काठावर राहिलेली आमची पोरं तिने धुऊन पुरली आणि पुरण्याआधी प्रत्येकाचं माप सुतळीला गाठी मारून घेतलं. “कुणाची तरी लेकरं असणारच ना,” एवढंच ती म्हणाली. नऊ वर्षांपूर्वी फाटकाच्या गजांमधून तिने सुतळ्या माझ्या हाती दिल्या. मी वही उघडून बसले. सतरा आयांना आपलं पोर कुठे आहे ते कळलं.

त्यावर मला पकडलं. “आजी, सैनिकांची मापं ही देशाच्या सुरक्षेची बाब आहे,” अधिकारी म्हणाला. मी म्हणाले, “साहेब, गळा पंधरा, बाही तेवीस. एवढ्याने देश पडत असेल तर तो आधीच उसवलाय.” चौदा महिने आत काढले.

५. माझ्या दिरांना त्यांची करडी पँट. मला नेलं त्या सकाळी ती उंची कमी करायला आलेली होती. सुटून आल्यावर पहिलं काम तेच केलं. खुंटीला आहे, ते न्यायला आले नाहीत. वहीची खबर त्यांनीच दिली होती, मग कुठल्या तोंडाने येतील? “वहिनी, देशापुढे नातं नाही,” म्हणाले होते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. माझा धाकटाही त्याच माघारीतून परतला नाही; त्याचं पदक त्यांच्या दिवाणखान्यात आहे, तिथेच राहू द्यावं. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि केलं असं माझ्यामागे कोणी सांगू नये.

६. वही लेकीला. तीत एका पानावर नुसतं ‘धाकटा’ लिहिलं आहे, खाली कोरं. “घरच्या पोराचं माप कोण लिहितं? दिव्याखाली अंधार,” असं मी सगळ्यांना सांगितलं. लेकीने एकदा विचारलं, “आई, तुला स्वतःच्या लेकाचं माप आठवू नये?” मी म्हटलं, “नाही गं आठवत.”

ते खोटं होतं. टेप गार लागते म्हणून तो पळायचा, तेव्हा मी विती टाकून माप घ्यायचे. गळा दोन विती, एक बोट कमी. बाही अडीच विती, वर तीन बोटं. छाती साडेचार. डावा खांदा अर्धं बोट खाली. एकोणीस वर्षं पाठ आहे.

तीन सुतळ्या अजून कुणालाच लागलेल्या नाहीत. त्या कात्रीच्या खणात आहेत. पहिली गाठ गळ्याची, दुसरी बाहीची, तिसरी छातीची. दुसऱ्यांच्या पोरांची मापं मी बेधडक जुळवली, पण त्या तिन्हींवर माझी वीत टाकायला भ्याले. पान कोरं होतं तोवर तो मातीत नव्हता. माझी लेक मात्र “भाऊ आल्यावर बघू” म्हणत लग्न टाळत राहिली. नऊ वर्षं मी तिला फुकट थांबवलं. हा अपराध सरकारचा नाही, माझा आहे. पोरी, मला क्षमा कर.

खाली माझा उजवा हात कागदावर पसरून आखला आहे. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत. मी गेल्यावरच, आधी नाही, लेकीने सुतळ्या त्यावर लावून पाहाव्यात. एखादी जुळली तर पान भरावं, खाट काढावी आणि मंगळवारी धुणेवालीला जागा विचारावी. नाही जुळली तर वही मिटू नये. बाकीच्या आया आहेत.

हे मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं, मग दोघींनी सह्या केल्या.

साक्षीदार: १. परिचारिका (सही) २. शेजारची पाववाली (सही)

ठिकाण: दुकानातलं कापड बेतायचं टेबल. दिनांक: ९ नोव्हेंबर, मंगळवार, पुलावरून आल्यावर.

सही: धाकट्याची आई

(आखणी सहीखाली. कागद सरकला, म्हणून करंगळीची रेघ दोनदा आली आहे. आतली धरावी.)